रंध्याची दिशा

बंगळूरजवळच्या देवनहळ्ळी विमानतळावरून घरी परतताना आपण कुणाला तरी भेट द्यायला शिसवी पेटी घेतो. झाकणावरच्या भोवऱ्यांवरून हात फिरवून पाहतो. असे भोवरे बहुधा फांदी फुटली त्या जागेचे, नाहीतर झाडाच्या जुन्या जखमेभोवतीचे असतात. तिथे रेषा सरळ धावत नाहीत. जोरात रंधा मारला की टवके उडतात. जाणता सुतार मग पात्याला पुन्हा धार लावतो, अगदी पातळ छिलका काढतो, रेषा वळली की रंधाही वळवतो.

घरातल्या हट्टी, दुखावलेल्या माणसाशी आपण असे वागतो का? बहुतेकदा एकाच दिशेने रेटत राहतो आणि टवका उडाला की लाकडालाच नावे ठेवतो. पेटी मात्र, खरे तर, त्याच्यासाठीच घेतलेली असते.