भुयारातला दैत्य आणि लोणारचं पाणी

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतला ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग 9 मार्च 1967 रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. ऐंशीच्या दशकात ही मालिका आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, तेव्हापासून मी तिचा चाहता आहे. नंतर आलेल्या मालिकांतली यानं अधिक चकचकीत होती, लढाया अधिक मोठ्या होत्या. तरीही परक्या जिवाविषयीचा सगळ्यात खोल विचार पडद्यावर कुठे दिसला, असं कुणी विचारलं, तर मी याच भागाचं नाव घेतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला तो जरा जास्तच भिडतो. कारण ही गोष्ट आमच्या लोणारला फार पूर्वीपासून सांगतात, फक्त तिचा शेवट निराळा आहे.

लोणारची गोष्ट अशी : लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात दडून राहायचा आणि लोकांना छळायचा. विष्णूने पायाच्या अंगठ्याने विवरावरचं झाकण उडवलं आणि त्याला ठार केलं. लोणारच्या सरोवराचं पाणी म्हणजे त्या दैत्याचं रक्त, पाण्यातला खार म्हणजे त्याचं मांस. गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ याच विष्णूचं.

मालिकेतही भुयार आहे आणि भुयारात दैत्य आहे. जानस नावाच्या ग्रहावर खाण चालते आणि बोगद्यांत माणसं एकामागून एक मरताहेत. कुणीतरी खडक विरघळवत स्वतःची वाट काढतं आणि समोर येईल त्याला जाळून टाकतं. मदतीला ‘एंटरप्राइज’ यान येतं. कॅप्टन कर्क आणि त्याचा परग्रही सहकारी स्पॉक खाणप्रमुखाशी बोलत असताना त्याच्या टेबलावर एक गोल दगड पडलेला दिसतो. असे हजारो गोळे खालच्या नव्या थरात सापडलेत, सिलिकॉनचे आहेत, काही कामाचे नाहीत, असं तो सांगतो. पुढे कर्क त्या प्राण्यासमोर एकटा सापडतो. दोघेही एकमेकांना जखमी करू शकतात, दोघेही थांबतात. मग स्पॉक त्या प्राण्याच्या दगडी अंगावर हात ठेवून त्याचं मन वाचतो. ती ‘होर्टा’ आहे, आई आहे. दर 50,000 वर्षांनी तिची सगळी जात मरते आणि एकच जीव मागे उरतो, अंड्यांची राखण करायला. टेबलावरचा गोळा हे तिचं अंडं. कामगार खोदता खोदता तिची लेकरं फोडत होते.

पटकथा जीन एल. कून यांची. यानोश प्रोहास्का या कलावंताने होर्टाचं सोंग स्वतः तयार केलं आणि त्यात शिरून जमिनीवर सरपटत भूमिकाही केली. आज ते सोंग रबरी वाटतं. पण त्या आईच्या वेदनेपाशी आपण सोंग विसरतो. मला सर्वांत मोठी करामत वाटते ती टेबलावरच्या गोळ्याची. तो आपल्याला आधीच दाखवलेला असतो आणि आपणही त्याला दगडच समजलेलो असतो. खाणकामगारांची चूक कळते, त्याच क्षणी आपलीही कळते. शीर्षकातला दैत्य कोण, हा प्रश्न तिथे उलटा फिरतो.

रसायनशास्त्राच्या कसोटीवर होर्टा टिकणं अवघड आहे. कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग झाला की वायू तयार होतो आणि तो श्वासातून बाहेर टाकता येतो. सिलिकॉनचा झाला की गारगोटी तयार होते. सिलिकॉनच्या जिवाला वाळूच उच्छ्वासातून टाकावी लागेल. पण मुद्दा होर्टा शक्य आहे का, हा नाहीच. जीव समोर आला तर आपल्याला ओळखू येईल का, हा आहे.

त्याचं उत्तर लोणारच्या काठावर मिळतं. उल्का आदळून बसॉल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. त्याचं वय बराच काळ 50,000 वर्षांच्या आसपास धरलं जाई. होर्टाच्या चक्राशी हा आकडा जुळावा, याची मला फार गंमत वाटायची. 2011 साली आर्गॉन पद्धतीच्या मोजणीतून ते सुमारे 5,70,000 वर्षं निघालं. तळाशी खारट, तीव्र अल्कधर्मी, उग्र वासाचं पाणी. बघणारे म्हणतात, यात काही जगत नाही. जून 2020 मध्ये तेच पाणी गुलाबी झालं आणि सगळा देश लोणारकडे पाहू लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारण विचारलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे वाढलेला खार आणि त्यात फोफावलेले हॅलोआर्किया, असा उलगडा झाला. हे एकपेशीय जीव बॅक्टेरियांच्या कुळातले नाहीत आणि आपल्याही कुळातले नाहीत. जीवसृष्टीची ही तिसरी शाखा कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली वेगळी काढली, म्हणजे होर्टा पडद्यावर आल्यानंतर दहा वर्षांनी. त्याआधी त्यांना बॅक्टेरियांतच मोजत होते.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली हैदराबादहून बलून सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेत सूक्ष्मजीव शोधले. परका जीव शोधायला वर पाहावं, तसं आपल्या तालुक्यातल्या खाऱ्या पाण्यातही डोकवावं.

आता माझी तक्रार, आणि ती चाहत्याची तक्रार आहे. भागाच्या शेवटी समेट होतो : होर्टाची पिल्लं बोगदे खणतील, कामगार धातू काढतील, सगळे श्रीमंत होतील. इथे कून कचरले असं मला वाटतं. होर्टा कामाची निघाली म्हणून वाचली. ती खाणीच्या काहीच उपयोगाची नसती तर? तिचा जगण्याचा हक्क नफ्यावर का टांगायचा?

लोणारनेही हा हिशेब पाहिला आहे. काच आणि साबणासाठी इथला खार उपयोगी, अशी नोंद ‘आइन-ए-अकबरी’त आहे. इंग्रजी अमदानीतही तो काढून विकला जाई. आज उपयोगाच्या जागी पर्यटन आलं आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण हॅलोआर्किया ना आपल्याला खार देतात, ना रोज गुलाबी रंग दाखवतात. त्यांना खारट पाणी मात्र लागतं. गोड्या पाण्यात त्यांच्या पेशी फुटतात.

म्हणून बुलढाण्याच्या आणि बाहेरच्याही वाचकांना माझी विनंती आहे. लोणारचं सरोवर ‘स्वच्छ’, ‘गोडं’, ‘सुंदर’ व्हावं अशी इच्छा धरू नका. गावाचं सांडपाणी त्यात जाऊ नये, काठावर नवं बांधकाम होऊ नये आणि पाण्याचा खारटपणा नियमित मोजून लोकांना सांगितला जावा, एवढं नगरपरिषदेकडे आणि वनखात्याकडे सतत मागत राहा.