अद्वैताच्या तीन पायऱ्या



हल्लीची शिकलेली मुले एक प्रश्न फार करतात. "महाराज, तुमच्या संतांना समता सांगून सातशे वर्षे झाली. मग विषमता अजून का आहे? तुम्ही गरिबाला समाधान शिकवता, श्रीमंताला काहीच विचारीत नाही." कोणी यात साम्यवादाचा वास आला म्हणून कानावर हात ठेवील. पण हा आक्षेप नवा नाही. संतांनी समाज निष्क्रिय केला, असा ठपका इतिहासाचार्य राजवाडे यांनीही ठेवला होता. आणि शास्त्राची रीत अशी की, पूर्वपक्ष नीट ऐकून घेतल्याशिवाय सिद्धान्त सांगण्याचा अधिकार येत नाही. तर पूर्वपक्ष ऐकू या.

आपले ठरलेले उत्तर असे की, "अहो, वाळवंटात येऊन बघा. तिथे लहान थोराच्या आणि थोर लहानाच्या पाया पडतो." हे खरेच आहे, आणि जगात असे दृश्य दुर्मीळ आहे. पण तेवढ्यावर भागते काय? इरावती कर्वे वारीला चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. भजन एकत्र, परंतु ब्राह्मणांची व मराठ्यांची पंगत निराळी, हे शल्य त्यांनी त्यात मांडले आहे. टाळ एक आणि चूल दोन! पाया पडण्याने मन वाकले. पण चूल, विहीर आणि कोठार जागच्या जागी राहिले. मुलांचा आक्षेप नेमका इथेच आहे.

आता याचे उत्तर बाहेरून आणायला नको. श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात, पंधराव्या अध्यायात, नारदमुनी धर्मराजाला अद्वैताचे तीन प्रकार सांगतात. पहिले भावाद्वैत : कार्य आणि कारण वस्तुतः एकच, जसे सूत आणि वस्त्र. दुसरे क्रियाद्वैत : मनाने, वाणीने, देहाने जे काही घडते ते सर्व थेट परब्रह्माला अर्पण. आणि तिसरे द्रव्याद्वैत : आपले, आपल्या बायकामुलांचे आणि इतर सर्व प्राण्यांचे हित एकच आहे, अर्थ आणि काम यांत आपले-परके नाही, असे पाहणे. आम्ही कीर्तनकार पहिल्या पायरीवर तासन्‌तास बोलतो. दुसरीवर थोडे. तिसरी आली की "हेचि दान" मागून मोकळे होतो!

यावर कोणी शास्त्री म्हणतील, "भावात अद्वैत असावे, क्रियेत कधी आणू नये, असेही वचन आहे." आहे खरे. परंतु ते वचन पुढे काय सांगते ते पाहा. तिन्ही लोकी अद्वैत मानावे, पण गुरूशी मानू नये. म्हणजे त्याचा रोख शिष्याच्या उद्धटपणावर आहे. चार बुके शिकून गुरूच्या बरोबरीला बसू नकोस, एवढाच त्याचा आशय. तहानेल्याला पाणी नाकारण्यासाठी ते वचन पुढे करणे म्हणजे विनयाच्या धड्यातून अन्यायाचा परवाना काढणे होय.

क्रिया मागे राहिली की काय होते, ते चोखोबांच्या चरित्रात दिसते. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून शके १२६० मध्ये त्यांचा अंत झाला आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वाराशी समाधी बांधली, असे परंपरा सांगते. संतमंडळींनी त्यांना हृदयाशी धरले. भावाद्वैतात काही उणे नव्हते. पण त्यांच्या जातभाईंना महाद्वाराच्या आत जायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राण पणाला लावून उपोषण मांडले आणि दहा दिवसांनी दार उघडले. सहाशे नऊ वर्षे! पुढे १९५० साली राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपले आणि निरनिराळ्या जातींतून पुजारी नेमले गेले. एकेक पायरी कोणीतरी झिजून घडविली, आपोआप घडली नाही.

आणि काम संपले का? आषाढीला लाखो लोक पंढरीत उतरतात. त्यांच्या मागची घाण कोण उचलतो? हाताने मैला उचलायला लावण्यावर संसदेने २०१३ साली बंदीचा कायदा केला. तरी पंढरीतला हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे न्यावा लागला. क्रिया जर ब्रह्मार्पण, तर झाडणे हलके आणि गाणे भारी हा भेद आला कुठून? गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो याचसाठी. ते आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत.

आता तिसरी पायरी. त्याच सातव्या स्कंधात चौदाव्या अध्यायात नारद सांगतात, पोट भरण्यापुरतेच माणसाच्या मालकीचे. त्याहून अधिकावर जो मालकी सांगेल तो चोर होय आणि तो दंडाला पात्र आहे. बघा, मार्क्स जन्मला १८१८ साली. भागवत त्याच्या कितीतरी आधीचे! आणि 'दंड' हा शब्द ध्यानात घ्या. दंड देणे हे राजसत्तेचे काम आहे. तेव्हा विषमता कमी करायला कर आणि कायदे नकोत, सगळे मनपरिवर्तनावर सोडा, असे भागवत म्हणत नाही.

तुकोबांनी हे जगून दाखविले. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाले. पुढे कर्जखतांचा आपल्या वाट्याचा भाग त्यांनी इंद्रायणीत बुडविला आणि धाकट्या भावाचा भाग त्याच्याजवळ ठेवला. दुसऱ्याच्या खिशातून त्यांनी औदार्य केले नाही. पण दामाजीपंतांनी तर बेदरच्या बादशहाचे कोठार उघडले, ते त्यांचे स्वतःचे नव्हते. मग चुकले काय? कथा असे सांगते की, विठू महाराच्या रूपाने देवाने दाम भरले. धान्य वाटले ते गैर केले, असे मात्र देव बोलला नाही. लोक उपाशी मरत असताना कोठाराचे कुलूप धर्म्य राहत नाही, हे त्या कथेचे मर्म.

राहिली समाधानाची गोष्ट. संतांनी समाधान सांगितले ते आपल्या ताटापुरते. शेजाऱ्याच्या रिकाम्या ताटाकडे पाहून समाधान मानावे, असे एकाही संताने सांगितलेले नाही. आपल्या भुकेला संतोषाने सोसणे हे तप आहे. दुसऱ्याच्या भुकेला संतोषाने सोसणे हे पाप आहे. हा भेद आम्ही सांगितला नाही, म्हणून मुलांना आक्षेप घ्यावा लागला.

आमचा त्या मुलांशी मतभेद एवढाच की, पहिली पायरी सोडून तिसरी चढता येत नाही. द्वेषाने केलेली वाटणी टिकत नाही. आज ज्याच्याकडून घेतले त्याचाच नवा अवतार उद्या कोठारावर बसतो. पण पहिल्याच पायरीवर आयुष्यभर बसून राहणारालाही वर पोहोचलो म्हणता येत नाही.

आपली पालखी माळशिरस तालुक्यातून उसाच्या रानांतून जाते. तो ऊस तोडणारे नवराबायको मुकादमाकडून उचल घेऊन येतात आणि हिशेबात दोघे मिळून 'एक कोयता' होतात. दोन जीव, आणि नाव एका हत्याराचे! हे कसले अद्वैत? आपल्यापैकी कित्येकांचा ऊस आहे, कित्येकांच्या घरी सालगडी आहे, कोणी व्याजाने पैसे लावतो. माळ घालताना मद्यमांस सोडले; त्याच हाताने एकदा ही वहीही उघडावी. मजुरी पुरती दिली का? व्याज माणुसकीचे आहे का? दिंडीत भांडी घासणारा, पाण्याचा टँकर चालविणारा आपल्या पंगतीला बसतो की मागून जेवतो?

एवढे पाहून पंढरीला जाऊ या. विटेवरचा देव कमरेवर हात ठेवून उभाच आहे. तो दर्शनाची वाट पाहतो, तशीच हिशेबाचीही पाहत असेल.

रामकृष्णहरि.