‘विरक्त’ कोणास म्हणावे?

बोलण्याच्या ओघात आपण पुष्कळांस ‘विरक्त’ हे विशेषण लावतो. व्यापारात खोट आली, मुलांशी पटेनासे झाले, म्हणून जो अबोला धरून बसतो, त्यालाही लोक ‘विरक्त झाला’ असे म्हणतात. थोर शब्द असा स्वस्त झाला, की त्यामागील गुणही दृष्टीआड होतो.

संस्कृतातील ‘रञ्ज्’ या धातूचा अर्थ रंगणे. त्यापासून ‘रक्त’ म्हणजे रंगलेला, ‘अनुरक्त’ म्हणजे प्रीतीने रंगून गेलेला आणि ‘विरक्त’ म्हणजे ज्याचा रंग उतरला तो. ‘राग’ हा शब्दही याच कुळातला. संस्कृतात तो आसक्तीचा वाचक, मराठीत मात्र क्रोधाचा. आता, रंग उतरला तरी वस्त्र राहतेच. संसाराचे वस्त्र फाडून टाकणे ही विरक्ती नव्हे. वैतागही विरक्ती नव्हे. वैतागलेल्याचा रंग उलट अधिक गडद असतो. हवे ते उद्या मिळाले, की त्याचे ‘वैराग्य’ संपले!

दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी विरक्ताच्या लक्षणांना स्वतंत्र समास दिला आहे. त्यांचा विरक्त उदासपणे कोपऱ्यात बसणारा नाही. तो धैर्य धरतो, नाना विषयांचा अभ्यास करतो, लोकांस परमार्थाची गोडी लावतो. त्यापुढचाच समास पढतमूर्खाचा आहे, हा क्रमही आम्हांस सूचक वाटतो.

तुकोबांची कथा सर्वश्रुत आहे. परंपरा सांगते की, कर्जखतांचे कागद इंद्रायणीत बुडविताना त्यांनी धाकट्या बंधूच्या वाट्याचे कागद आधी त्याच्या स्वाधीन केले आणि केवळ आपल्या वाट्याचे बुडविले. आपला रंग उतरला म्हणून दुसऱ्याच्या ताटातील घास काढून घेण्याचा अधिकार येत नाही, हे विरक्तीचे मर्म या एका कृतीत आहे.

हीच कसोटी आपण स्वतःस लावावी. घरच्या किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या, देवस्थानातील अधिकारपद सोडले, हे चांगलेच झाले. परंतु ‘आमच्यावाचून यंदा उत्सवास शोभा आली नाही’ हे ऐकून मन सुखावत असेल, तर रंग अजून पक्काच आहे असे समजावे. उलट, नव्या हातांनी केलेली पूजा पाहून ज्याला निर्मळ आनंद होतो आणि हाक येताच जो पंगतीत वाढावयास उभा राहतो, त्याच्या अंगावर भगवी छाटी नसली तरी ‘विरक्त’ हे विशेषण त्यास शोभते. ते आपणांसही शोभावे, एवढेच श्रीचरणी मागणे.