‘कुटुंबवत्सल आणि विद्यार्थिप्रिय’

एखादा शिक्षक निवर्तला म्हणजे त्याच्याविषयी जे चार शब्द बोलले जातात त्यांत दोन विशेषणे बहुधा चुकत नाहीत. तो कुटुंबवत्सल होता आणि तो विद्यार्थिप्रिय होता. ही दोन्ही एका दमात उच्चारण्याची आपल्यास इतकी सवय झाली आहे की, त्यांच्यामध्ये बसलेल्या ‘आणि’ या अव्ययाकडे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः शिक्षकाचा दिवस चोवीसच तासांचा असतो आणि त्याचा पगार महिन्याच्या अखेरीपूर्वीच संपणारा असतो. सायंकाळचा जो तास त्याने दुसऱ्याच्या मुलास दिला तो स्वतःच्या मुलास देता येत नाही. ज्या रुपयांत एखाद्या गरीब विद्यार्थ्याची फी भरली गेली त्या रुपयांत घरचे लुगडे येत नाही. तेव्हा या दोन गुणांचा परस्परसंबंध बेरजेचा की वजाबाकीचा, हे पाहणे भाग आहे. मृताचे स्मरण प्रामाणिकपणे करावयाचे असेल तर हा प्रश्न टाळून चालत नाही, असे आम्हांस वाटते.

आलापल्लीसारख्या गावी तो अधिकच ठळक होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील हे गाव सागवानासाठी नावाजलेले. तेथील जुन्या अरण्याचा एक राखलेला तुकडा २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. भोवतालच्या पाड्यांत माडिया आणि गोंडी बोलली जाते, प्राणहितेच्या अंगाने गेल्यास तेलुगू कानी पडते, आणि शाळेतले पुस्तक मराठी असते. अशा मुलखात बदली होऊन आलेला शिक्षक पुष्कळदा आपली बायकामुले चंद्रपूरला अथवा नागपूरला ठेवून एकटाच राहतो. उलट आश्रमशाळेतील पोरे आईबाप पाड्यावर सोडून आलेली असतात. म्हणजे एका छपराखाली आईबापांवाचूनची मुले आणि मुलांवाचूनचा बाप असे एकत्र येतात. त्या दोघांत पुढे जी माया उत्पन्न होते ती खरी असते, याविषयी आम्हांस शंका नाही. पण ती कोणाच्या वाट्यातून आली, हे विचारल्यास सभेत थोडी चुळबूळ होईल.

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राने धोंडो केशव कर्वे यांच्या घरी पाहिले आहे. १८९१ साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. त्याच साली त्यांची प्रथम पत्नी राधाबाई वारली. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील ती पहिलीच विधवा विद्यार्थिनी. मुरूडकरांनी बहिष्कार घातला, तो सोसला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० च्या सुमारास हिंगण्यास गेला. दिवसा कॉलेजात गणित शिकवावे आणि पायीच हिंगणे गाठून तेथल्या मुलींस शिकवावे, हा क्रम अण्णांनी वर्षानुवर्षे चालविला. शिल्लक आश्रमाला दिली. आयुष्याचा विमादेखील आश्रमाच्या नावे केला. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. सार्वजनिक चरित्र म्हणून याहून निष्कलंक चरित्र शोधू गेल्यास सापडणे कठीण.

आता हेच चरित्र स्वयंपाकघराच्या दारातून पाहू. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई, ज्यांना सर्वजण बाया म्हणत, त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिले आणि ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. विमा गेला म्हणजे उद्या वैधव्य आल्यास हाती काय, हा विचार त्यांच्या मनात आला तर त्यात लोभ कोणता? आठव्या वर्षी वैधव्य आलेल्या स्त्रीस त्या शब्दाचा अर्थ आश्रमाच्या कोणत्याही देणगीदारापेक्षा अधिक ठाऊक होता. संसारास हातभार लागावा म्हणून त्या नागपूरला जाऊन सुईणीचे काम शिकल्या. याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. आश्रमाचा पुनर्विवाहाशी संबंध नाही, अशी लोकांची खात्री राहावी म्हणून पुनर्विवाहित बायांना आश्रमापासून दूर ठेवण्यात आले. ज्या विधवांसाठी पती रोज मैलोगणती चालत जात होते, त्यांच्यात पत्नीला मात्र जागा नव्हती. धोरण म्हणून यात शहाणपण होते. संस्था जगली, हे त्याचे प्रमाण. तथापि त्या शहाणपणाचे मोल ज्या व्यक्तीने भरले तिची संमती कितपत घेतली गेली, हे विचारण्याचा अधिकार आम्ही सोडू इच्छीत नाही.

कोणी म्हणेल, बाया स्वतः पुढे आश्रमासाठी वर्गणी मागत फिरल्या, त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले यांनी तर आपले सर्व आयुष्य त्याच कार्याला दिले. मग तक्रार कोणाची? या आक्षेपात तथ्य आहे, आणि आमच्या मते प्रश्नाची किल्लीही येथेच आहे. दिलेले आणि गेलेले यांत अंतर असते. पत्नी जेव्हा आपण होऊन झोळी घेते तेव्हा ती दात्री असते. तिला न विचारता तिचा उद्याचा आधार काढला जातो तेव्हा पैसा त्याच सत्कार्याला पोचतो खरा, परंतु दान देणारा मनुष्य बदलतो. अण्णांच्या त्यागाचा काही भाग वास्तविक बायांचा होता. तो त्यांच्या खाती जमा केल्याने अण्णा लहान होत नाहीत. दुसऱ्याच्या ताटातले देऊन आपल्यास उपाशी म्हणवून घेणाऱ्यांपैकी ते नव्हते. स्वतःही ते उपाशीच राहिले. पण ताटे दोन होती.

आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हेमलकसा लागते. बाबा आमटे यांच्या संकल्पनेतून १९७३ च्या डिसेंबरात तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले, आणि १९७६ साली माडिया मुलांसाठी शाळा निघाली. या शाळेचे पुष्कळ गोडवे गाइले गेले आहेत. आम्हांस त्यांतील एकच गोष्ट येथे घ्यावयाची आहे. आमटे दांपत्याची स्वतःची मुले याच शाळेत, माडिया मुलांच्या शेजारी बसून शिकली. येथे शिक्षणाची परीक्षा परिपत्रकांनी होत नाही. जी शाळा मी दुसऱ्याच्या मुलास पुरेशी म्हणतो ती माझ्या मुलास पुरेशी आहे काय, या प्रश्नाला त्या घराने उत्तर देऊन टाकले. घर आणि शाळा यांच्यातील वजाबाकी त्यामुळे पुष्कळ अंशी मिटली. अगदी संपूर्ण मिटली असे मात्र म्हणवत नाही, कारण सात-आठ वर्षांच्या मुलाला अरण्यवास हवा की नको हे विचारून कोणी अरण्यात जात नाही. बापाच्या ध्येयाचे ओझे मुलाच्या दप्तरात थोडेफार पडतेच.

मग जो शिक्षक आपली मुले नागपूरला ठेवतो आणि स्वतः पाड्यावरच्या मुलांना मनापासून शिकवितो, तो दुटप्पी ठरतो काय? आम्ही त्यास तसे म्हणणार नाही. घरात दवाखान्याची गरज असलेली म्हातारी असते, पावसाळ्यात ओढ्यानाल्यांना पूर येऊन रस्ते तुटतात, पत्नीची नोकरी दुसरीकडे असते. हेमलकसा हा दंडक मानला तर शेकडो भल्या माणसांना आपण विनाकारण अपराधी करू. त्याने इतकेच करावे, की नागपूरला राहिलेल्यांना आपण काय घेऊन गेलो हे ठाऊक असू द्यावे, आणि सुटीत घरी गेल्यावर तेथील मुलास आपल्या येथील मुलांची नावे सांगावीत. दूरच्या मुलाला बापाची अनुपस्थिती तितकीशी खुपत नसावी. तो बाप कोणापाशी आहे हेच माहीत नसणे अधिक खुपत असावे. हा आमचा केवळ तर्क आहे, परंतु शिक्षकांच्या मुलांशी बोलताना तो खोटा ठरल्याचे आम्हांस स्मरत नाही.

राहता राहिली शोकसभा. तीत अध्यक्ष बोलतात, सहकारी बोलतात, एखादा माजी विद्यार्थी गहिवरून बोलतो आणि त्याचे गहिवरणे खरे असते. दिवंगताची पत्नी पहिल्या रांगेत बसलेली असते. तिच्या हाती तसबीर देतात, खांद्यावर शाल घालतात, आणि दोन मिनिटे उभे राहून सभा विसर्जित होते. तिला काही सांगावयाचे आहे काय, असे विचारल्याचे क्वचितच ऐकू येते.