दैव पाचवं

शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रात नावेचा एक प्रसंग आहे. सोमवतीच्या पर्वणीला ओंकारेश्वरी गेलेली मंडळी महाराजांसह नर्मदेतून खेडीघाटाकडे निघाली होती. नाव खडकावर आदळली, तळाला भोक पडलं, नावाड्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. तेव्हा नर्मदाच कोळिणीच्या रूपात आली, तिने भोकावर हात धरला आणि नाव तरली. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथातली ही कथा बुलढाणा जिल्ह्यात पारायण करणाऱ्या घराघरांत ठाऊक आहे.

मग ज्या नावा बुडाल्या, त्यांतल्या माणसांचं काय?

बुलढाण्याला समुद्र नाही, पण मालवाहू नावांशी त्याचा संबंध जुना. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून सुमारे ८०० किलोमीटरवरच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेतल्या नावांनी कलकत्त्याला. तिकडे समुद्रावर, कोकण किनाऱ्याला, मीठ, कौलं, लाकूड वाहण्याचं असंच काम शिडाच्या फत्तेमाऱ्या करत. पावसाळाभर त्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत. फळ्यांच्या सांधीत सूत ठासायचं, बुडाला माशाचं तेल चोळायचं, नारळी पौर्णिमा झाली की समुद्राला नारळ द्यायचा आणि निघायचं. वारा आणि भरती-ओहोटी जोखणं तांडेलाच्या, म्हणजे नावेच्या प्रमुखाच्या हाती. एवढं करूनही एखादी वादळात जाई. माल जाई, खलाशी जात, सावकाराचं कर्ज मात्र किनाऱ्यावर उरे.

अशा वेळी कोणीतरी म्हणतंच, ‘त्यांचं पूर्वसंचित!’ किंवा त्याहून निष्ठुरपणे, ‘श्रद्धा कमी पडली.’ मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. १९२७ मध्ये ‘तुकाराम’ बुडाली होती. दोन्ही आगबोटी, दोन्हींना संतांची नावं. त्यांतले प्रवासी अश्रद्ध होते, असं म्हणायला कोणाची जीभ रेटेल? नर्मदेची कथा कृपेचं वर्णन करते; ज्यांना तो हात मिळाला नाही, त्यांच्यावर ती ठपका ठेवत नाही.

गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणं सांगतो: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवं दैव. गलबताला ही लावून पाहावीत. अधिष्ठान म्हणजे लाकडाचा सांगाडा, कर्ता तांडेल, साधनं शीड आणि सुकाणू, प्रयत्न खलाशांचे. अवचित उठलेलं वादळ हे दैव. ते नाकारलेलं नाही, पण चारांच्या नंतर ठेवलं आहे. सगळं त्याच्यावर टाकलं की कुजलेली फळी आणि मालकाचा लोभ दोन्ही सुटतात.

१९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने शिडाच्या जहाजांसाठी स्वतंत्र भाग ठेवला, जादा भार रोखला, तपासणीचा दाखला सक्तीचा केला. हे आधीच्या चार कारणांचंच काम. म्हणून गलबत बुडालं तर विचारावं: दाखला होता का, माल किती भरला होता, हवा बिघडलेली दिसत असताना तांडेलाला निघायला कोणी भाग पाडलं? घरच्यांच्या संचिताची चौकशी कोणी करू नये.