गुडघे कोणी टेकले?



धम्मात नव्याने आलेल्या घरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. शेजारी म्हणतो, "तुम्ही देव सोडले म्हणता, मग भिंतीवर तसबिरी कशाला?" आता त्यात मुलांनी भर घातली आहे. मोबाईलच्या पडद्यावर मेणबत्ती पेटवता येते, चित्रापुढे फूल वाहता येते. हे वंदन म्हणायचे की खेळ? ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न फार पूर्वीपासून सोडवावा लागला आहे. त्यांनी त्यावर काय विचार केला, ते आपणही समजून घेतले पाहिजे.

पूर्वेकडील ख्रिस्ती लोक संतांची चित्रे लाकडी फळीवर रंगवतात. त्यांना 'आयकॉन' म्हणतात. चित्रावर संताचे नाव लिहिलेले असते. भाविक त्याचे चुंबन घेतात, त्यापुढे दिवा लावतात. आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी याला विरोध केला. ७५४ साली सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाईनने धर्मपरिषद भरवून प्रतिमा निषिद्ध ठरवल्या. ७८७ साली नायसिया येथील परिषदेने तो निर्णय फिरवला. वाद पुन्हा पेटला आणि ८४३ साली प्रतिमा कायमच्या परत आल्या.

प्रतिमेच्या बाजूने बोलणाऱ्यांत दमास्कसचा योहान हा प्रमुख होता. त्या पक्षाचे म्हणणे साधे होते. लाकडाला कोणी नमस्कार करीत नाही. चित्राला दिलेला मान, ते चित्र ज्याचे आहे त्या व्यक्तीकडे जातो. नायसियाच्या परिषदेने आणखी एक भेद केला: प्रतिमेला आदर द्यावा, उपासना मात्र फक्त ईश्वराची. ईश्वराचा भाग आपण मानत नाही. पण आदर आणि उपासना यांतला भेद विचारात घेण्यासारखा आहे.

आता संगणकातील आभासी जगाकडे या. २००३ साली 'सेकंड लाईफ' नावाचे असे जग सुरू झाले. तिथे माणूस आपल्या नावाने एक बाहुले फिरवतो. त्या बाहुल्याला 'अवतार' म्हणतात. हा शब्द गेला आपल्याच देशातून, आणि या शब्दापासून आपण का सावध राहतो, हे तुम्हाला सांगायला नको! २००४ साली ब्रिटनमधील मेथडिस्ट चर्चच्या साहाय्याने 'चर्च ऑफ फूल्स' हे संगणकावरील चर्च उघडले. तिथे कळ दाबली की बाहुले गुडघे टेकी. काही लोक मनापासून आले. काही टवाळी करायलाही आले.

योहानाच्या पक्षाचा युक्तिवाद इथे लावून पाहा. लाकूड महत्त्वाचे नसेल, तर पडद्यावरच्या प्रकाशाने काय बिघडते? काहीच नाही. संताचे चित्र फळीवर असो वा काचेवर, ते आठवणच करून देते. मग अडचण कुठे आहे? अडचण नमस्कार करणाऱ्यात आहे. जुना वाद होता, मान कोणाला पोचतो? नवा प्रश्न आहे, मान देतो कोण? गुडघे बाहुल्याने टेकले. त्या वेळी त्याचा मालक कदाचित चहा पीत गप्पा मारत असेल. उलट, अंथरुणाला खिळलेली एखादी बाई तीच कळ दाबताना मनाने खरोखर नम्र झाली असेल. कर्माच्या मुळाशी चेतना असते, ही भगवान बुद्धांची शिकवण इथे अचूक लागू पडते. कळ एकच, कर्मे मात्र दोन झाली.

पण चांगल्या चेतनेवरही थांबू नका. तूरचा संत मार्टिन चौथ्या शतकातला रोमन सैनिक होता. आमियाँ शहराच्या वेशीजवळ थंडीत कुडकुडणारा भिकारी त्याला दिसला. मार्टिनने तलवारीने आपला झगा फाडून अर्धा त्याला दिला, अशी त्याची कथा आहे, आणि चित्रकारांनी तोच प्रसंग शेकडो वेळा रंगवला. हे चित्र आभासी जगात टांगा. त्या जगात थंडी नाही, कोणी उघडा नाही, आणि तिथला झगा फाडला तरी कोणाचे काही कमी होत नाही. मार्टिनला वंदन करता येईल, पण मार्टिनसारखे वागायला तिथे जागाच नाही. हां, त्या बाहुल्यांमागे खरी माणसे बसलेली असतात. त्यांतला एखादा एकटा असेल, दुःखी असेल. त्याच्याशी कोणी आपुलकीने बोलले, तर ते बोलणे खरेच आहे.

याची दुसरी बाजूही पाहा. २००७ साली एका संगणकीय खेळात मँचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये गोळीबार दाखवला होता. त्या शहरात खरोखर बंदुकांनी पोरे मरत होती. चर्चने निषेध केला आणि सोनी कंपनीने माफी मागितली. आभासी जगातल्या गोष्टीनेही खऱ्या आईचे काळीज दुखावते. म्हणून "खेळच तो" एवढे म्हणून सुटता येत नाही.

१९५६ साली नागपूरला आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आपली तसबीर वर मागण्यासाठी नाही, स्मरणासाठी आहे. धम्माप्रमाणे वागणे हीच श्रेष्ठ पूजा, हे तथागतांनी अखेरच्या दिवसांत सांगितले. तेव्हा मुलाने मोबाईलवर फूल वाहिले तर त्याला रागावू नका. मोबाईल खाली ठेवल्यावर त्याला जवळ बसवा आणि विचारा, "ज्यांना फूल वाहिलेस, त्यांनी सांगितलेले आज काय केलेस?"

हाच प्रश्न भिंतीवरच्या तसबिरीपुढे उभे राहून आपण स्वतःलाही विचारू या. उत्तर देता आले, तर शेजाऱ्याच्या प्रश्नाचेही उत्तर त्यातच मिळेल.