सहा आवाज

आ, ऊ, ई, म, श, स. घरात श्रवणयंत्र लावणारं मूल असेल, तर त्या घराची सकाळ या सहा आवाजांनी उजाडायला हवी. आई मुलाच्या पाठीमागे बसते किंवा तोंडासमोर कागद धरते. मुलाला ओठ दिसता कामा नयेत, नाहीतर ते बघून सांगेल, ऐकून नाही. मग एकेक आवाज, मध्ये जरा थांबून, क्रम बदलून. आवाज आला की मुलानं घेवड्याचा एक दाणा वाटीत टाकायचा. दोन मिनिटांचं काम. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञानं ही चाचणी बसवली. माणसाच्या बोलण्यातले खालच्या पट्टीतले जाड आवाज आणि वरच्या पट्टीतले बारीक आवाज, सगळा पल्ला या सहांत येतो. काल ‘स’ला दाणा पडला होता आणि आज पडला नाही, तर सेल उतरला, नळीत पाणी साचलं की सर्दीनं कान बंद झाले, याचा शोध शाळेची घंटा होण्याआधी घेता येतो. नाहीतर पोरगं दिवसभर वर्गात काही न ऐकता बसून राहतं आणि बाई म्हणतात, ह्याचं लक्षच नसतं.

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडे हे दोन मिनिटांचं काम जास्तच गरजेचं. (वेल्हे तालुक्याचं नाव आता सरकारदरबारी राजगड झालंय, लोकांच्या तोंडी मात्र वेल्हेच आहे.) तोरण्या-राजगडाच्या पायथ्याला, नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला, वरंध घाटाकडच्या गावांत पावसाळा सुरू झाला की कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल चढते. श्रवणयंत्राचं आणि ओलीचं वैर आहे. रात्री यंत्र काढून, पुसून, सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं लागतं. बटणाएवढा सेल आठ-पंधरा दिवसांत संपतो आणि गावातल्या दुकानात तो मिळत नाही. मूल वाढतं तसा त्याचा कान वाढतो, कानातला साचा ढिला पडतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं. मग पोर ते उपसून टाकतं आणि यंत्र फडताळात जाऊन बसतं. यंत्रवाटपाच्या कार्यक्रमाचा फोटो पेपरात छापून येतो. सहा महिन्यांनी साचा कोण बदलून देणार, हे त्या मंडपात कुणी विचारत नाही. माझ्या मते साचा आणि सेल यांची सोय नसेल, तर नुसतं यंत्र वाटणं हे अर्धंच काम आहे.

उरलेलं अर्धं काम करणारी माणसं म्हणजे वाचाउपचार तज्ज्ञ. बारावीनंतर चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष रुग्णांबरोबर, मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. मुंबईत वांद्र्याची, 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग संस्था हे शिक्षण देते, पुण्यात भारती विद्यापीठात ते मिळतं. पण शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली बहुतेक शहरातच राहतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? तालुक्याच्या गावी कायमची जागा नाही, ध्वनिरोधक खोली नाही, यंत्रं नाहीत. पुण्याचं जिल्हा रुग्णालय औंधला. म्हणजे वेल्ह्याच्या आतल्या वाडीतल्या माणसानं पहाटे एसटी गाठायची, नसरापूरवरून पुण्यात यायचं आणि सगळं शहर ओलांडून पलीकडे जायचं. बापाचा रोज बुडतो, धाकट्याला शेजारी ठेवावं लागतं. आणि एवढ्या सायासानंतर मुलाच्या वाट्याला येतात फार तर तीस-चाळीस मिनिटं.

त्या मिनिटांत होतं काय? बाहेर बसलेल्या बापाला वाटतं, मॅडम नुसत्या खेळतात. साबणाचे फुगे उडवतात, डब्यात वस्तू लपवतात, आरशासमोर तोंडं वेडावतात. पण त्या फुग्यांकडे नीट बघावं. मॅडम दोन-चार फुगे उडवतात, बाटलीचं झाकण घट्ट लावतात आणि बाटली मुलाच्या हातात देऊन गप्प बसतात. मूल झाकण ओढून बघतं. उघडत नाही. बाटली आपटतं. शेजारी बसलेल्या आईचा हात आपोआप पुढे येतो, लेकराचे हाल तिला बघवत नाहीत. मॅडम डोळ्यांनीच तिला थांबवतात. पाच सेकंद, आठ सेकंद. मूल मॅडमच्या तोंडाकडे बघतं, बाटली पुढे करतं आणि घशातून निघतं, “अं!” झालं. मॅडम लगेच म्हणतात, “उघड! उघडू?” आणि फुगे उडतात. तो ‘अं’ शब्द नाही, पण ती मागणी आहे. आपल्या आवाजानं समोरचं माणूस हलतं, हे त्या पोराला कळलं. इथून पुढे शब्दाचा रस्ता सुरू होतो.

आईनं घरी न्यायचं ते हेच. फुगे विकत घ्यायची गरज नाही. भाकरीचा एकदम अख्खा तुकडा द्यायचा नाही, चिमूटभर देऊन उरलेला हातात धरून थांबायचं. संध्याकाळी शेरडं कोंडताना खोपटाच्या दाराशी उभं राहून रोज एकच शब्द म्हणायचा, “लाव”, आणि काही दिवसांनी तो शब्द गिळून मुलाच्या तोंडाकडे बघायचं. चांगले तज्ज्ञ चित्रांची छापील कार्डं आधी काढत नाहीत, आधी आईला विचारतात, ह्याला घरात सगळ्यात जास्त काय आवडतं? कार्डावर सफरचंद असतं, आगगाडी असते. मावळातल्या पोराच्या जगात करडू असतं, भाताचं खाचर असतं, इरलं असतं. ‘छत्री म्हण’ असा धोशा लावला तर ते गप्प बसेल. करडू दिसलं की मात्र अंग टाकून धावेल आणि धावताना तोंडातून काहीतरी नक्की निघेल.

आपलं गणित नेमकं उलटं आहे, असं मला राहून राहून वाटतं. न बोलणाऱ्या मुलाला आपण वर्षंच्या वर्षं देतो, पण दहा सेकंद देत नाही. “आवं, ह्याचा बा बी चार वर्सं बोलला न्हवता, बोलंल की!” असं घरातली म्हातारी म्हणते. मधात वेखंड उगाळून जिभेवर लावलं जातं, नवस बोलला जातो. म्हातारीची माया खोटी नाही. पण अडचण बहुतेकदा जिभेत नसते, कानात असू शकते. बाळाला ऐकू येतं का, हे महिन्याच्या आत तपासावं, शंका आली तर तीन महिन्यांपर्यंत निदान व्हावं आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू व्हावेत, असं जगभरचे डॉक्टर सांगतात. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी ही तपासणी आहे. त्या सहा महिन्यांत आपल्याकडे बाळाचं नाव ठेवून होतं, पाचवी-बारसं सगळं होतं, फक्त कान तपासायचे राहतात. आणि तेच मूल पुढे उशिरा का होईना काही सांगायला तोंड उघडतं, तेव्हा त्याच्या आधी आपणच त्याचं वाक्य पुरं करून टाकतो. अडखळत बोलणाऱ्यालाही तसंच. “सावकाश बोल, नीट बोल” एवढं सांगून होतं, पण त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेणं जमत नाही.

तज्ज्ञ दूर असले की काही करताच येत नाही, हेही पूर्ण खरं नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या घरांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. त्यात घरी जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. पंधरा दिवसांनी एकदा, अशा बारा भेटी. आई मुलाशी खेळताना छोटं चित्रण करायचं आणि तिच्याबरोबर बसून तेच बघायचं: बघा, इथं तुम्ही थांबलात आणि त्यानं तुमच्याकडे पाहिलं. आया मुलाच्या कलानं घ्यायला लागल्या, मुलं आपणहून जास्त बोलवायला, दाखवायला लागली. सगळं साधलं असं नाही, चमत्कार तर मुळीच झाला नाही. पण भोरच्या एखाद्या आशाताईला किंवा अंगणवाडीताईला, वर तज्ज्ञाची देखरेख ठेवून, हे शिकवता येणार नाही असं मला वाटत नाही. मोबाइल तर आता वाडीवाडीत आहे. पोराच्या हातात कार्टून लावून देण्यापेक्षा तो या कामाला आलेला बरा.

आणि एक यंत्रणा आधीपासून आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, त्यात दोन डॉक्टर असतात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासली जातात. ऐकू न येणं, बोलायला उशीर होणं, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, हे सगळं त्यांच्या यादीत आहे. पुढची तपासणी आणि उपचार फुकट होतात.

तेव्हा आज एवढं करा. घरात, भावकीत, शेजारी कुणाचं वर्षाचं मूल हाकेला वळून बघत नसेल, दोन वर्षांचं मूल ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर अंगणवाडीताईंना विचारा, पथक कधी येणार आहे. ती तारीख त्या आईला सांगा, आणि त्या दिवशी ती भातलावणीला गेली असेल तर मुलाला तुम्ही घेऊन जा.